बरडातल्या झाडांचं पाणी

प्रिय दिनेश,

तुझं पत्र मिळालं. धुऱ्यापलीकडच्या मुरमाड बरडावर आंबा-सीताफळ लावायचं म्हणतोस, वाचून फार आनंद झाला. झाडामागे रोज किती लिटर, असं विचारलंस. त्याचा एकच एक आकडा निघत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

झाडाचं पाणी त्याच्या सावलीवर आणि उन्हावर ठरतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला 12 मिलिमीटरच्या आसपास उडतं. त्याच्या साधारण 65 टक्के झाडासाठी धर. म्हणजे एक चौरस मीटर सावलीच्या कलमाला रोज आठेक लिटर, चार चौरस मीटर झाली की तीसेक. हिवाळ्यात याच्या निम्म्याहून कमी.

बरडात अडचण वेगळीच आहे. काळ्या रानात आठवड्याचं पाणी एकदम दिलं तरी निभतं, मुरमात ते मुळांखाली निघून जातं. म्हणून रोज किंवा दिवसाआड थोडंथोडंच द्यायचं. झाडाला दोन ड्रिपर लाव, खोडापासून वीतभर लांब, आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकव.

खड्ड्यात काटकसर करू नकोस. आंब्याला मीटरभर लांब, रुंद, खोल. उन्हाळाभर तापू दे, मग तलावातला गाळ आणि कुजलेलं शेणखत. आळ्यात कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, जाड थर हवाच! परवा भर दुपारी शेजारच्या वावरात कुटार सारून बोट घातलं, तर माती गार, बोटाला चिकटणारी. हातभर पलीकडे उघड्या मुरमाचा चटका बसत होता.

माझं ऐकशील तर सीताफळच जास्त लाव. उन्हाळ्यात ते पानं गाळून बसतं आणि पावसाच्या तोंडावर फुटतं. एकदा झाड जमलं की उन्हाळी पाणी मागत नाही. आंब्याला पहिली तीन-चार वर्षं जपावं लागतं. तो फळ धरायला लागला की दिवाळीपासून मोहर येईपर्यंत पाणी तोड, नाहीतर नुसती पालवी फुटते. फळं वाटाण्याएवढी झाल्यावर परत सुरू कर. संत्रा मात्र तिथे नकोच. हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या आंबिया बहाराची फळं ऐन मे महिन्यात झाडावर असतात आणि तेव्हाच आपल्या विहिरी तळ गाठतात.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तुझ्या विहिरीला रात्रभरात किती पाणी येतं, ते मोजून कळव. त्यावरून झाडं किती ते ठरवू. तोवर नर्सरीत पैसे भरू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
प्रशांत