पावती फाडता, मग जबाबदारी पण घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मावसबहीण गंगापूर रोडच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दवाखान्यात रिसेप्शनला आहे. दिवाळीच्या आधी रात्री नऊला सुटली, बेसमेंटमध्ये अॅक्टिव्हा काढायला गेली तर मागून एकाने डोक्यात काहीतरी घातलं आणि पर्स नि गळ्यातली पोत ओढून पळाला, पाच टाके पडले. खालच्या ट्यूबलाइट गणपतीपासून बंद, वॉचमन वरती दुकानांची शटर ओढायला गेलेला, कॅमेरे दिसायला चार पण त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआरच बंद. एफआयआर झाली, अज्ञात इसमावर. मालकाला कोणी काही विचारलं नाही आणि आम्ही विचारलं तर म्हणतो, चोर काय मी पाठवला का?

नाही पाठवला, मान्य. पण मेंटेनन्समध्ये सिक्युरिटी चार्जेस वेगळे लावता, टू व्हीलरचे दहा रुपये घेऊन पावती फाडता, मग ती सर्विसच झाली ना. पावतीमागे 'मालक जबाबदार नाही' छापलं की सुटलो असं या लोकांना वाटतं. दिल्लीच्या एका फाइव्ह स्टार हॉटेलातून 1998 ला व्हॅले पार्किंगला (म्हणजे चावी हॉटेलच्या माणसाकडे देऊन) दिलेली मारुती झेन चोरीला गेली, हॉटेलनेही हेच छापील वाक्य पुढे केलं, तर 2019 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हलगर्जीपणा तुमचा असेल तर त्या वाक्याआड लपता येणार नाही. गाडीची भरपाई मिळते, मग डोकं फुटलं तर का नको?

अमेरिकेत हा प्रश्न 1970 लाच कोर्टात आला होता. वॉशिंग्टनच्या एका अपार्टमेंटमध्ये भाडेकरू बाई राहायला आली तेव्हा दारावर चोवीस तास माणूस असायचा, पुढे मालकाने तो काढला, बिल्डिंगमध्ये चोऱ्या-मारहाणी वाढल्या, आणि 1966 ला तिच्यावर पॅसेजमध्येच हल्ला झाला. कोर्टाने मालकाला जबाबदार धरलं. कारण अगदी साधं, कॉमन पॅसेजला लाइट-कुलूप लावणं मालकाच्याच हातात असतं, भाडेकरू तिथे काय करणार?

प्रत्येक चोरीला मालकाला धरा असं मी म्हणत नाही, भर दुपारी लख्ख उजेडात कोणी येऊन मारलं तर तो तरी काय करेल बिचारा. पण तक्रारी येऊनही दोन-तीन महिने अंधार ठेवला तर तो त्याचाच दोष. आता कुंभमेळ्यासाठी पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत लॉज आणि पे पार्किंग वाढणार, तेव्हा महापालिकेने परवानगी देतानाच लाइट, चालू कॅमेरा आणि खरोखर जागेवर असणारा गार्ड या अटी घालाव्यात, आणि कॅमेरा चालू आहे का ते मधूनमधून कोणीतरी जाऊन बघावं, नुसती कागदावर सही नको.

आणि लोकांनी पण पावत्या फेकू नका. पैसे मोजले असतील तर ग्राहक आयोगात दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. लाइट बंद दिसली की मालकाला त्याच दिवशी फोटोसकट लेखी कळवा, वॉट्सअपवर पण चालेल, नंतर 'मला कोणी सांगितलंच नाही' म्हणायला त्याला जागा उरत नाही.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक