बाळाला ऐकवू नका, त्याच्यासोबत गा

महोदय,
'बाळाला मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराच्या रचना ऐकवा, बुद्धी वाढेल' हा सल्ला अजूनही पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतो. त्याचे मूळ १९९३ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात आहे. तो प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, तान्ह्या मुलांवर नव्हे. एका चाचणीत दिसलेला फायदाही दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी देण्याचा प्रस्ताव मांडलाच!

मुलाला खरा उपयोग होतो तो कुणीतरी सोबत गाण्याचा. बडबडगीत म्हणताना टाळी शब्दांच्या तुकड्यांवर पडते, यमक कानात बसते आणि पुढे वाचायला शिकताना हाच कान कामी येतो. शिवाय आपली पाळी येईपर्यंत थांबायची सवय लागते, ती वेगळीच. आईबाबा बेसूर असले तरी बिघडत नाही. मुले तक्रार करत नाहीत, शेजारी करतील.

चार वर्षांच्या मुलाला हार्मोनियमच्या परीक्षेला बसवण्याची घाई मात्र मला पटत नाही. त्यापेक्षा प्रत्येक अंगणवाडीला एक खंजिरी आणि टाळांचे दोन-चार जोड द्यावेत, आणि सेविकांच्या प्रशिक्षणात बडबडगीते चालीवर म्हणून घ्यावीत.

– एक आजी, सांगली