भिंत पाडण्याआधी ती कसली आहे, हे तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरसजावटीच्या पुरवण्यांमध्ये अलीकडे जुन्या सदनिकांच्या कायापालटाची छायाचित्रे वरचेवर दिसतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, अंधारा बोळ आणि कोंदट स्वयंपाकघर असलेली दोन-तीन खोल्यांची जागा भिंती काढून एकसंध आणि प्रकाशमान केलेली असते. ती पाहून आपल्याही घरात तसेच करावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे आणि त्या इच्छेला माझा विरोध नाही. मात्र कोणती भिंत काढली, ती कोणाच्या सल्ल्याने काढली आणि तिच्यावरचा भार आता कशावर आहे, याचा उल्लेख अशा मजकुरात सहसा आढळत नाही. बांधकाम क्षेत्रात उमेदीची वर्षे घालवलेला वाचक म्हणून त्याबद्दल लिहावेसे वाटते.

पुण्यात डेक्कन, एरंडवणे, सहकारनगर या भागांत साठ ते ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींपैकी बऱ्याच इमारती ‘लोड बेअरिंग’ पद्धतीच्या आहेत. त्यांत स्लॅबचे वजन नऊ इंची विटांच्या भिंतींवर असते आणि त्या भिंती तळमजल्यापासून वरपर्यंत एकावर एक आलेल्या असतात. पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशाने हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली अशी भिंत काढली, तर दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांवरची तीच भिंत आधाराविना उरते. तिच्याखाली लोखंडी गर्डर घालता येतो, हे खरे. परंतु त्यासाठी आधी वरचा स्लॅब नीट टेकूंवर घ्यावा लागतो, आणि पूर्वी सलग भिंतीवर पसरलेले वजन आता गर्डरच्या दोन टोकांवर एकवटत असल्याने त्या टोकांखाली काँक्रीटची पुरेशी बैठकही करावी लागते. हे काम गवंड्याच्या अंदाजावर सोडण्यासारखे नाही.

आरसीसी सांगाड्याच्या, म्हणजे सळयांच्या काँक्रीटचे कॉलम (खांब) आणि बीम (तुळया) भार पेलतात अशा, इमारतीत साडेचार इंची भिंत बहुधा नुसती आडभिंत असते. ती काढण्यास हरकत नसते, तरी काढण्याआधी वरच्या मजल्यावर काय आहे, हे पाहिले पाहिजे. वर्षानुवर्षांत स्लॅब आणि बीम किंचित वाकतात आणि मुळात भार न घेणारी भिंत नकळत थोडा भार घेऊ लागते. अशी भिंत एका दुपारी ब्रेकर लावून पाडली की वरच्या बिऱ्हाडातल्या फरशीला भेग जाते आणि मग सोसायटीच्या सभेत दोष कोणाचा, यावर तास जातात. या इमारतींत खरा धोका निराळाच असतो, आणि तो म्हणजे कोपऱ्यात पुढे आलेला कॉलम ‘थोडा तासून’ घेण्याचा किंवा आडवा येणारा बीम छिलून फॉल्स सीलिंगमध्ये लपवण्याचा मोह. घाटकोपरची ‘सिद्धी साई’ ही इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत इमारतीच्या आधारांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला आणि त्यावरून गुन्हाही दाखल झाला होता.

फरशीचा विचार तर कोणीच करत नाही. जुनी मोझॅक फरशी उखडण्याचा त्रास नको म्हणून तिच्यावरच चार सेंटिमीटर मसाला टाकून मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल बसवतात. या नव्या थराचे वजन दर चौरस मीटरला शंभर किलोच्या पुढे जाते. राहत्या खोलीतील माणसे आणि सामान यांसाठी भारतीय मानकानुसार धरला जाणारा भार दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो असतो, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या स्लॅबवर आपण काय लादतो, ते कळते. जुनी फरशी मसाल्यासकट काढून नवी बसवावी, किंवा ती पक्की आणि समतल असेल तर पातळ टाइल चिकटद्रव्याने बसवावी. दोन्ही मार्ग यापेक्षा शहाणपणाचे आहेत.

आता प्रकाशाविषयी. माझ्या अनुभवात जुन्या घरांतला अंधार भिंतींपेक्षा नंतरच्या रहिवाशांनीच अधिक आणलेला असतो. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली जाते, खिडकीसमोर कपाट उभे राहते, दारावरचे काचेचे झरोके प्लायवूडने बुजवले जातात. मूळच्या लाकडी झडपांच्या खिडक्या पूर्ण उघडत, त्या काढून दोन पट्ट्यांच्या सरकत्या खिडक्या बसवल्या की हवेची वाट निम्मी होते. दहा फूट उंचीचे छत हे जुन्या सदनिकेचे वैभव. त्याखाली पीओपी लावून दिव्यांच्या रांगा बसवणारे लोक पुढे घर कोंदट वाटते म्हणून भिंत पाडायला निघतात, हे मला तरी अनाकलनीय वाटते. झरोके मोकळे करणे, दारांच्या वरच्या भागात काच बसवणे, बोळाकडची आडभिंत कमरेपर्यंत ठेवून वर मोकळी करणे आणि छताला पांढरा रंग देणे एवढ्याने पुष्कळ घरे उजळतात. स्वयंपाकघर हॉलला जोडण्याआधी आपल्या घरी फोडणी किती वेळा पडते, याचाही हिशेब करावा.

राहिला प्रश्न परवानगीचा. किरकोळ दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागत नाही, एवढे ऐकून अनेक जण भिंत पाडणेही त्यातच धरतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी आवश्यक आहे. प्रत्यक्षात समित्या कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि डेब्रिजची अनामत यांवर कागद रंगवतात. आराखडा मात्र मागत नाहीत. याच उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. परंतु ती करणारा अभियंता बहुधा जिना, गच्ची आणि बाहेरच्या भिंती पाहतो, आणि आतल्या पीओपीमागे नाहीशी झालेली भिंत त्याच्या अहवालात येत नाही. समित्यांनी परवानगीच्या अर्जासोबत नोंदणीकृत संरचना अभियंत्याची सही असलेला नकाशा मागावा आणि फोडकाम झाल्यावर, गिलावा होण्याआधी, त्याच अभियंत्याकडून जागेची पाहणी करून घ्यावी. त्याचे शुल्क सदस्याने द्यावे. संपूर्ण नूतनीकरणाच्या खर्चापुढे ते फार नसते.

यात एक अडचण खरी आहे. अनेक जुन्या संस्थांकडे मूळ नकाशेच नाहीत. बांधकाम व्यावसायिकाने ते दिले नाहीत किंवा दप्तर बदलताना हरवले. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेकडे रीतसर अर्ज करून किंवा माहितीच्या अधिकारात मागता येते; त्यात कॉलम-बीमचा तपशील नसेल, तर गिलाव्याचा छोटा तुकडा काढून अभियंत्याला भिंतीची जाडी आणि तिच्या माथ्यावर बीम आहे की स्लॅब थेट भिंतीवर टेकला आहे, एवढे तरी पाहता येते.

आपल्या पुरवणीस एक विनंती. यापुढे अशा घराचे ‘आधी आणि नंतर’ छायाचित्र छापताना इमारत लोड बेअरिंगची होती की आरसीसीची, कोणती भिंत काढली आणि संरचना अभियंत्याचा सल्ला घेतला होता का, एवढ्या तीन गोष्टी त्याखाली अवश्य द्याव्यात, आणि ज्या घराच्या बाबतीत त्या मिळत नसतील, ते छायाचित्र छापू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे