टाकीत बाटली ओतण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळाभर उभे असलेले उसाचे ट्रक आता बाहेर निघतील आणि ॲव्हरेज वाढवणाऱ्या बाटल्यांची चौकशी सुरू होईल. मालकांना कळकळीची विनंती, आधी टाकीचा तळ बघा.

अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे शेवाळासारखा काळा, चिकट थर धरतो. तोच फिल्टर चोंदवतो. बाटल्यांतली काही ॲडिटिव्ह (डिझेलमध्ये मिसळायची रसायनं) हे पाणी डिझेलमध्ये विरवतात. मग वॉटर सेपरेटरला ते वेगळं काढता येत नाही आणि इंजेक्टर गंजतात.

गाडी रात्रभर हलवू नका. सकाळी सेल्फ मारण्याआधी टाकीचा ड्रेन बोल्ट सैल करून अर्धा लिटर डिझेल काचेच्या बरणीत घ्या. दहा मिनिटांत पाणी खाली दिसेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा, सेपरेटरही रिकामा करा, फिल्टर बदला, हॅण्ड प्रायमरने (डिझेल ओढणाऱ्या हातपंपाने) लाइनमधली एअर काढा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10), सीटेन (डिझेल किती चटकन पेट घेतं त्याचा आकडा) किमान 51. पंपाला लागणारा वंगणपणाही मानकात ठरलेला आहे. त्यावर वंगणासाठी टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) ओतलं तर त्याची राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठते, रीजनरेशननेही (आतली काजळी जाळून तो साफ करण्यानेही) जळत नाही. डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, तर चावीसुद्धा फिरवू नका.

— एक डिझेल मेकॅनिक, शिरोली, कोल्हापूर