बडोद्याची कागदपत्रे बडोद्याच्याच सर्व्हरवर हवीत: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
वडोदरा महानगरपालिका,
खंडेराव मार्केट, बडोदे

सविनय नमस्कार.

मागणी आधी सांगतो, कारणे मागाहून. महापालिकेच्या प्राथमिक शाळांना आणि वॉर्ड ऑफिसांना कागदपत्रे ठेवायला, एकमेकांना पाठवायला आणि ब्राउझरमध्येच मिळून लिहायला महापालिकेच्या मालकीचा लिनक्स सर्व्हर मिळावा, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा, सगळ्यांच्या फायली ठेवणारा मध्यवर्ती संगणक. मी बडोद्यातच वाढलो. सर्व्हर सांभाळणे हा माझा रोजचा धंदा आहे, आणि दांडिया बाजारातल्या एका लहान संस्थेत मी हीच व्यवस्था चालवतो. त्यामुळे हे जमेल का, यावर आपला वेळ घेत नाही. जमते. ते नीट कसे जमवायचे आणि वर्षानुवर्षे कोणी सांभाळायचे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी एक प्रसंग. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण असे कुठेही घडते. एका हेडक्लार्कांनी स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर एक शीट तयार केली, लिंक सगळ्यांना पाठवली आणि सगळे त्यात माहिती भरू लागले. पाहता पाहता तीच कार्यालयाची मुख्य नोंद झाली. पुढे साहेब निवृत्त झाले, खाते बंद झाले, आणि एका सकाळी लिंक उघडली तर ‘आपल्याला परवानगी नाही’. यात त्यांचा काही दोष नव्हता. कागदाच्या काळात बदली झाली की चार्ज द्यावा लागे. कपाटाच्या किल्ल्या, रजिस्टरे, फायलींची यादी, दोघांच्या सह्या. संगणकावर मात्र कपाटच कर्मचाऱ्याच्या घरी गेले आहे आणि चार्ज देण्याची पद्धत कोणी लावलेली नाही.

नेक्स्टक्लाउड नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, याचा साधा बंदोबस्त आहे. त्यात टीम फोल्डर करता येतो. त्या फोल्डरची मालकी व्यक्तीकडे नसते, आणि तो वापरण्याचा हक्क गटाला दिलेला असतो. ‘वॉर्ड ऑफिस, कर विभाग’ या गटात आज कोण आहे ते आस्थापना विभागाने ठरवायचे. माणूस गटातून काढला की त्याचा प्रवेश बंद होतो, फाइल जागच्या जागी राहते. कोणी काय बदलले याच्या जुन्या आवृत्त्याही राहतात. बाहेरच्या माणसाला एखादा कागद द्यायचा असेल तर लिंकला पासवर्ड आणि शेवटची तारीख लावता येते. माझ्या दृष्टीने सगळ्या व्यवस्थेचे मोल या एका सोयीत आहे. बाकीचे नंतर.

फुकट मिळते तर ही यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. पण फुकटाचे नियम देणाऱ्याच्या हातात असतात. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण मागे घेत असल्याचे गूगलने २०२१ मध्ये जाहीर केले आणि साऱ्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. आणि पैसे भरूनही निर्धास्त राहता येत नाही, हे आपल्या गुजरातनेच पाहिले आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टचा हिस्सा आहे. लगोलग मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या. भारतातली कंपनी, पैसे मोजून घेतलेली सेवा, आणि कर्मचाऱ्यांना स्वतःचीच कागदपत्रे दिसेनात. नायराला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, त्यानंतर सेवा सुरू झाल्या. महापालिकेवर कोणी निर्बंध घालणार नाही हे मला कळते. पण कळ कोणाच्या हातात आहे हे त्या आठवड्यात उघड झाले, आणि ते विसरण्यासारखे नाही.

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांची ईमेल झोहोच्या व्यवस्थेवर नेली आहे. कंपनी भारतीय आहे आणि परदेशी कंपनीपेक्षा ते मला बरे वाटते. तरी सॉफ्टवेअर बंदिस्तच राहते. कंपनी बदलायची ठरली तर फायली बाहेर काढता येतील, पण व्यवस्था पुन्हा पहिल्यापासून उभारावी लागेल. नेक्स्टक्लाउडचा जन्मच या प्रश्नातून झाला. फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये ओनक्लाउड हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर सुरू केले. २०१६ मध्ये कंपनीशी मतभेद झाल्यावर ते आणि त्यांचे अनेक सहकारी बाहेर पडले, आणि त्याच कोडवर त्यांनी नेक्स्टक्लाउड उभे केले. परवाना खुला असल्यामुळे त्यांना कोणी अडवू शकले नाही, आणि वापरणाऱ्यांना आपल्या फायलींसह त्यांच्या मागे जाता आले.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे. सर्व्हरवर डेबियन ही लिनक्सची एक आवृत्ती, त्यावर नेक्स्टक्लाउड, सोबत पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीचा डेटाबेस. कागद ब्राउझरमध्ये उघडून लिहिण्यासाठी कोलॅबोरा ऑनलाइन, म्हणजे आतून लिब्रेऑफिस हे मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच. दुसरा पर्याय ओन्लीऑफिसचा. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फायली तो जास्त हुबेहूब दाखवतो. तरीही मी कोलॅबोराच्या बाजूचा आहे, कारण इंटरनेट बंद पडले तरी तीच फाइल टेबलावरच्या लिब्रेऑफिसमध्ये जशीच्या तशी उघडते. कर्मचाऱ्यांच्या संगणकावर विंडोज असेल तर असू द्या. इथे फक्त ब्राउझर लागतो.

एक गोष्ट मात्र जवळून पाहायला हवी, कारण बाहेरगावचा कंत्राटदार ती कधीच पाहणार नाही. कोलॅबोरामध्ये पान सर्व्हरवर रंगवले जाते आणि त्याची लहान लहान चित्रे ब्राउझरकडे येतात. म्हणजे अक्षरांचे फाँट कर्मचाऱ्याच्या संगणकावर असून उपयोग नाही, ते सर्व्हरवर असावे लागतात. गुजराती आणि देवनागरीचे नोटो किंवा लोहित फाँट सर्व्हरवर बसवले नाहीत तर शाळेचा दाखला उघडल्यावर ओळीच्या ओळी चौकोन दिसतात. याहून अवघड दुखणे जुन्या फायलींचे. आपल्याकडची कितीतरी गुजराती कागदपत्रे टेराफॉन्ट वरुणसारख्या, युनिकोड हा सगळ्या लिप्यांचा एकच संगणकीय संकेत रुळण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप झाली आहेत आणि मराठीतली श्रीलिपीत. फाँट नसेल तर गुजराती परिपत्रकाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि टिंबांचा नुसता खिचडा येतो. अशा फायलीत नाव शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही. सर्व्हर बसवण्याच्या कामातच या फायली युनिकोडमध्ये आणण्याचे काम धरावे आणि बदललेली प्रत मूळ प्रतीशी माणसाने ताडून पाहावी. जोडाक्षरे आणि रफार या बदलात हमखास बिघडतात. जन्मतारखेच्या दाखल्यात आडनावातला रफार गळाला तर पुढे पासपोर्टपर्यंत त्या मुलाची पायपीट होते. हे काम वेळखाऊ आहे आणि टेंडरात त्याचे वेगळे पैसे धरले नाहीत तर ते कोणीही करणार नाही.

सांभाळणार कोण, हा आपला पहिला आक्षेप असेल आणि तो रास्त आहे. सर्व्हर उभा करणे हे काही दिवसांचे काम, त्याला जपणे हे कायमचे. नेक्स्टक्लाउडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण वर्षभरच दुरुस्त्या मिळतात आणि अपग्रेड करताना मधली आवृत्ती गाळता येत नाही. दोन-तीन वर्षे कोणी हात लावला नाही तर एकेक पायरी चढत वर यावे लागते, आणि तोवर दार चोरांना उघडे. म्युनिक शहराचा दाखला विरोधक देतील. त्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, संगणक बदलले आणि २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. तो दाखला मी टाळत नाही. पण तिथे हजारो टेबलांवरचे संगणक बदलायचे होते आणि मागे उभे राहणारे नेतृत्वही मध्येच बदलले. जर्मनीतलेच श्लेसविग-होल्स्टाइन राज्य २०२४ पासून सुमारे ३०,००० संगणकांसाठी लिब्रेऑफिस आणि नेक्स्टक्लाउडकडे निघाले आहे, तेही टप्प्याटप्प्याने. मी तर त्याहून फार लहान पाऊल मागतो आहे.

आणि माणसे कशी तयार करायची हे बडोद्याला कोणी शिकवायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था बसवून घेतली. बॉर्डन यांनी इथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. तीन वर्षांनी ते परत गेले तेव्हा काम अडले नाही, कारण शिकलेली माणसे इथे होती. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली ती याच विचाराने, आणि आज त्याच जागेत विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे. तिथून दरवर्षी बाहेर पडणारी मुले पुण्या-बंगळुरूला जातात. त्यांतल्या दोघांना महापालिकेने कायम पदावर घ्यावे, कंत्राटावर नको. कंत्राटी माणूस पासवर्ड बरोबर घेऊन जातो. मोठ्या वापरासाठी कोलॅबोराची विकास-आवृत्ती पुरत नाही, तेव्हा कंपनीच्या तांत्रिक मदतीसह मिळणारी आवृत्ती विकत घ्यावी. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे बिनपैशाचे काम, असे मी म्हणत नाही. पैसे खर्च व्हावेत, ते परवान्यांवर न जाता या माणसांच्या पगारावर जावेत.

सर्व्हर ठेवायची जागाही आपणच ठरवावी लागेल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. सर्व्हर वरच्या मजल्यावर हवा, त्याचा यूपीएसही. बॅकअपची एक प्रत त्याच इमारतीत, दुसरी शहराबाहेर, गांधीनगरच्या राज्य डेटा सेंटरमध्ये, कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करून. बॅकअप घेताना डेटाबेस, फायली आणि कॉन्फिग (सर्व्हरच्या मांडणीच्या नोंदी) या तिन्ही गोष्टी एकाच क्षणाच्या लागतात, एक जरी मागेपुढे झाली तर परत उभारताना जुळत नाही. आणि दर तिमाहीला तो बॅकअप वेगळ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून दाखवावा, त्याचा अहवाल आपल्या टेबलावर यावा. न उघडलेल्या बॅकअपवर मी कधीच भरवसा ठेवत नाही.

नियम आपल्या बाजूने आहेत. केंद्राच्या २०१५ च्या मुक्त सॉफ्टवेअर धोरणानुसार टेंडर काढताना मुक्त पर्यायाचा विचार करणे आणि तो नाकारला तर कारण नोंदवणे अपेक्षित आहे. राज्यांनाही ते स्वीकारता येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. शाळेतल्या मुलांची नावे, पत्ते, आजारपणाच्या नोंदी कोणाकडे आहेत, याचे उत्तर आता संस्थेलाच द्यावे लागणार आहे.

माझ्या विनंत्या अशा. सुरुवात एकाच वॉर्ड ऑफिसपासून आणि त्याच वॉर्डातल्या महापालिकेच्या शाळांपासून करावी. टेंडरात खुला परवाना, फायली साठवण्याचे ओडीएफ हे खुले स्वरूप, युनिकोड आणि दोन्ही लिप्यांचे फाँट या अटी स्पष्ट लिहाव्यात. मोठ्या हार्डवेअरचा आग्रह धरू नये, पहिल्या टप्प्याला मध्यम ताकदीचे दोन सर्व्हर पुरतात. निवृत्ती आणि बदलीच्या चार्ज-यादीत ‘संगणकावरच्या फायलींचा चार्ज दिला’ अशी एक ओळ उद्यापासूनच घालता येईल, तिला सर्व्हरचीही वाट पाहायला नको. शिक्षकांना प्रशिक्षण गुजरातीत, मराठीत आणि हिंदीत द्यावे, आणि ते शाळेतच, त्यांच्या स्वतःच्या फायलींवर.

दांडिया बाजारातल्या संस्थेतली व्यवस्था आपल्या संगणक विभागाच्या अधिकाऱ्यांना दाखवायला मी तयार आहे. कॉन्फिगच्या फायली, फाँटची यादी, बॅकअपची स्क्रिप्ट, सगळे मोकळेपणाने देईन. त्याचे पैसे नकोत. या पत्राची गुजराती प्रत खंडेराव मार्केटला इनवर्डमध्ये दिली आहे.

कळावे.

आपला,
बडोद्याचा एक करदाता
दांडिया बाजार, बडोदे