पृष्ठफळाचा हिशेब जुळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत धातूचा लेप दिलेल्या सिरॅमिक नॅनोतंतूंवरचा लेख वाचला. उत्प्रेरकांवर, म्हणजे ज्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया वेगाने घडते त्या कॅटालिस्टवर, मराठीत कोणी लिहितंय याचंच अप्रूप. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी २९ वर्षं कॅटालिस्टच्या ड्रमांमध्ये काढली, तरी मी नेमकं काय करायचो हे आजही घरात कोणाला सांगता येत नाही. पण ‘तंतू इतके बारीक की पृष्ठफळ प्रचंड वाढतं, म्हणून ते सरस’ हे लेखातलं मुख्य वाक्य हिशेबात बसत नाही.

ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइड, एक सिरॅमिक) भरीव तंतू २०० नॅनोमीटर जाड आहे असं समजा, म्हणजे केसाहून काहीशे पट बारीक. घनता घन सेंटिमीटरला चार ग्रॅमच्या आसपास धरा. एका ग्रॅमला जेमतेम ५ चौरस मीटर पृष्ठफळ येतं. आमच्या इमारतीतलं एक स्वयंपाकघर. आणि ज्या जुन्यापुराण्या गॅमा ॲल्युमिनाच्या, म्हणजे सच्छिद्र ॲल्युमिनाच्या, गोळ्या आम्ही रिॲक्टरमध्ये भरायचो, त्यांच्या ग्रॅमला १५० चौरस मीटर सहज असतं. म्हणजे तीन-चार वन बीएचके! तंतूच सच्छिद्र केला तर आकडा वाढतो, पण ते श्रेय छिद्रांचं.

तंतूंची खरी गंमत वेगळीच आहे. गोळीतलं ते सगळं पृष्ठफळ आतल्या छिद्रांत दडलेलं असतं आणि प्रक्रिया वेगवान असेल तर वायू आत पोचायच्या आधीच काम कडेला उरकतं. पॅलेडियम धातू लावलेली ॲल्युमिनाची ३ मिलिमीटरची गोळी ब्लेडने मधोमध कापली की कडेला काळसर रेघ दिसते आणि आत पांढरंशुभ्र. मुद्दामच तशी बनवतात, नाहीतर आतला महागडा धातू नुसता बसून राहतो. नव्याने आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हीच गोळी कापून दाखवायचो. तंतूंच्या गादीत खोलवर लपलेलं असं फारसं काही नसतं, आणि मधे मोकळी जागा भरपूर असल्याने वायू अडत नाही.

‘लेप’ म्हटलं की भांड्याची कल्हई डोळ्यांसमोर येते. बहुतेक वेळा तसं नसतं. प्लॅटिनम, पॅलेडियमचे काही नॅनोमीटरचे सुटे कण तंतूवर बसलेले असतात, अनारशावरच्या खसखशीसारखे. उष्णतेने हे कण सरकतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि निम्मा धातू पोटात जातो. त्यांना जागच्या जागी धरून ठेवणं हे सिरॅमिकचं काम. लेखात सगळं कौतुक धातूचं, आधाराला दोन ओळी.

आता माझी शंका. धातूच्या क्षाराच्या द्रावणात पॉलिमर कालवून, उच्च विद्युतदाबाखाली सुईतून शेवयांसारखे तंतू ओढतात आणि मग भट्टीत पॉलिमर जाळून टाकतात. उरतं ते ठिसूळ सिरॅमिक. एकदा आमच्याकडे कंत्राटदाराच्या माणसांनी कॅनव्हासचा सॉक (गोळ्या अलगद खाली सोडायची कापडी नळी) न वापरता वरूनच रिॲक्टरमध्ये गोळ्या ओतल्या. चुरा झाला, वायूची वाट अडून प्रेशर ड्रॉप (आत शिरताना आणि बाहेर पडताना वायूच्या दाबातला फरक) चढत गेला आणि तिसऱ्या आठवड्यात प्लांट बंद करून सगळी चाळणी मारावी लागली. त्या तर चांगल्या कडक गोळ्या होत्या. भट्टीचं सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे उष्णता अडवणारं सिरॅमिक तंतूंचं अस्तर, बदलताना मनगटाला सुटणारी खाज आणि मास्क काढल्यावर नाकात राहणारी ती भुकटी ज्याने अनुभवली आहे, त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो तुटलेल्या तुकड्यांचा.

तेव्हा पुढच्या वेळी संशोधकांशी बोलाल तेव्हा एवढं जरूर विचारा: हजार तास गरम वायू सोडल्यावर गादीचं वजन किती उरतं? आणि ती गादी भरणाऱ्या, काढणाऱ्या माणसाने कुठला मास्क लावायचा?

आपला,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, कोपरखैरणे