रिपोर्ट पालथा घालणाऱ्या ताईंना

ताई,

गांजा सोडवायला याआधी जिथे मुलाला नेलं, तिथे पहिल्याच आठवड्यात त्याला डोळे मिटून तासभर बसवत होते. गांजा थांबला की एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, भूक मरते. पहिल्या आठवड्यात हे सगळं टोकाला जातं. अशा वेळी तासभर बसवलं तर पोर एवढंच शिकतं, की आपल्याला हेही जमत नाही. वर 'मन खंबीर कर' हा उपदेश होताच.

तुम्ही आधी विचारलंत, भास होतात का, उगाच संशय येतो का, घरात कुणाला मनोविकार आहे का. तसं असेल तर अगोदर मनोविकारतज्ज्ञ, ध्यानाचं नंतर बघू, असं स्पष्ट सांगितलंत. मग सुरुवात फक्त तीन मिनिटांची, डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले. तलफ आली की शरीरात कुठे जाणवते ते शोधायचं: जबडा, छाती, तळहात? दहापैकी किती? श्वासावर लक्ष ठेवून पाच मिनिटांनी पुन्हा आकडा द्यायचा. लाट चढते तशी उतरते, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. पोरं तलफ घालवायला म्हणून हे करतात आणि ती गेली नाही की सोडून देतात, चुकतं ते इथेच. जॉइंटमध्ये, म्हणजे गांजाच्या सिगारेटमध्ये, अनेकदा तंबाखूही असते, म्हणून निकोटिनची तलफ वेगळी ओळखायलाही तुम्हीच शिकवलंत. अमेरिकेतल्या सिॲटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी तिथल्या तुरुंगात गोएंका गुरुजींच्या पद्धतीने झालेल्या विपश्यना शिबिरांचा अभ्यास केला आणि पुढे मार्लट यांच्या गटाने व्यसन पुन्हा जडू नये म्हणून ध्यानाची आठ आठवड्यांची पद्धत बसवली. गुरुजींचं इगतपुरीचं केंद्र इतकं जवळ असून हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पण आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. गांजा सोडून तिसरा आठवडा चालू असताना लघवीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. घराने त्याला खोटारडा ठरवलं होतं. तुम्ही तो कागद वाचलात, टेबलावर पालथा घातलात आणि त्याला विचारलंत, "आता झोप लागते का रे?"

मान खाली घालून बसलेल्या पोराने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. मग आमच्याकडे वळून सांगितलंत: टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, चरबीत साठतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिसतो. तपासणीची पट्टी फक्त हो किंवा नाही सांगते, कधी ओढला ते सांगत नाही. शंका असेल तर दर आठवड्याला प्रयोगशाळेत क्रिएटिनिनच्या (लघवी किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या घटकाच्या) प्रमाणात मोजा. आकडा उतरत असेल तर बहुधा नवीन सेवन नाही.

हे आधीच्या एकाही शहाण्याने सांगितलं नव्हतं. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही त्याच्याशी नीट बोलणारी माणसं अजून आहेत, ताई, आणि पदव्यांपेक्षा मला त्यांची किंमत जास्त वाटते.

ज्या घरांत आज असाच रिपोर्ट आला असेल, त्यांनी आरडाओरडा करण्याआधी १४४४६ या नशामुक्तीच्या मोफत हेल्पलाइनवर फोन करावा.

मनापासून आभार.

एक पालक